टेलरमामाची हिवाळी पेरणी

टेलरमामा बहिणीकडे आला तो आठ दिवसांसाठी. पिशवीत दोन शर्ट, एक पायजमा, दाढीचं सामान आणि सवयीने उचललेली मापाची टेप. घराला कुलूप लावताना त्याने शेजारणीला सांगितलं होतं, "पुढच्या सोमवारी येतो, तेवढा दुधाचा रतीब बंद ठेवायला सांगा."

चाळीस वर्षं त्याने शाळेचे गणवेश बेतले होते. बाजारपेठेतल्या एका दुकानाच्या माळ्यावर, मान वाकवून उभं राहावं लागेल इतक्या बुटक्या छताखाली, लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरायचे आणि मोठी कात्री चालवायची. निळ्या चड्ड्या, पांढरे शर्ट, राखी स्कर्ट. गावातल्या तीन पिढ्यांच्या कमरा त्याला ठाऊक होत्या. मग शाळांनी तयार गणवेश बाहेरून मागवायला सुरुवात केली, दुकान बंद पडलं, आणि त्याच वर्षी त्याची बायको गेली. मूलबाळ नव्हतं. पुढे डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आणि सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोरींना हाक मारायची वेळ आली. त्यामुळे भाचीचा फोन आला आणि ती रडत म्हणाली, "मामा, आईला झटका आलाय," तेव्हा काळजात चर्र झालं हे खरंच, पण आपल्याला कुणीतरी बोलावलंय याची एक चोरटी ऊबही त्याला वाटली. नंतर त्या उबेची त्याला फार लाज वाटायची.

अक्का त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर सगळे म्हणाले होते, जमीन देऊन टाक आणि लेकीकडे जाऊन राहा. तिने कुणाचं ऐकलं नाही. वीटभट्टीच्या पलीकडे, डांबरी रस्ता संपतो तिथे तिची दोन एकर जागा होती. पुढे दोन खोल्यांचं घर, मागे गोठा, गोठ्यामागे विहीर आणि मग शेत. तांबडी गाय आणि तिची दीड वर्षाची कालवड एवढीच जनावरं. पावसाळ्यात ती फारसं काही करत नसे. म्हणायची, "पावसाळ्याचं पीक देवाचं, हिवाळ्याचं माझं." पाऊस ओसरला की तिच्या अंगात वारं शिरायचं. निम्म्या जागेत गहू, एका पट्ट्यात सातू, आणि गुरांसाठी ओट आणि लसूणघास. गहू-सातू घराला, ओट-लसूणघास गोठ्याला. उन्हाळा येईपर्यंत गायीला बाहेरचा चारा लागायचा नाही आणि अक्काला बाहेरचं माणूस.

त्या वर्षी नांगरट झाली होती, ढेकळं फोडून झाली होती, शेणखत पसरून झालं होतं. पेरणीला अकरा दिवस उरले असताना सकाळी दूध काढता काढता अक्का गोठ्यातच कलंडली. दूधवाला आला तेव्हा बादली आडवी होती आणि गाय अक्काच्या केसांना हुंगत होती.

उजवा हात गेला, उजवा पाय फरफटू लागला आणि बोलणं गेलं. सगळं नाही. एक शब्द उरला.

"नाही."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मामाला आणि भाचीला बाजूला घेऊन समजावलं. "आत सगळं शाबूत आहे. तुम्ही बोलता ते त्यांना कळतं. त्यांना काय म्हणायचंय तेही त्यांना पक्कं माहीत असतं. पण बाहेर पडताना तो एकच शब्द पडतो. त्यामुळे शब्दावर जाऊ नका. चेहऱ्याकडे बघा, हाताकडे बघा."

भाची सहा दिवस राहिली. तिचं घर लांबच्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर, दोन मुलं, नोकरी. निघताना तिने मामाचे दोन्ही हात धरले. "मामा, आठ दिवस बघ. मी काहीतरी सोय लावते." काय सोय ते तिला माहीत नव्हतं आणि मामाने विचारलं नाही.

पहिल्या दिवशी त्याने चहा केला. "अक्का, चहा देऊ?"

"नाही."

त्याने कप परत नेला. अक्का त्याच्याकडे अशी बघत राहिली की तो दारातूनच परतला. कप तोंडाशी धरला तर तिने गटागटा पिऊन टाकला.

"अगं मग नाही काय म्हणतेस!"

"नाही," अक्का म्हणाली, आणि दोघंही हसले. तिचं हसू अर्ध्याच तोंडात उमटलं.

हळूहळू त्याला ते जमायला लागलं. भूक लागली? नाही. म्हणजे लागली आहे, कारण डावा हात ताटाकडे सरकलाय. पंखा लावू? नाही. म्हणजे खरंच नको, कारण कपाळाला आठी आहे. भाचीचा फोन आला की तो फोन अक्काच्या कानाला लावायचा. भाची विचारायची, "आई, मामा नीट बघतो ना तुझ्याकडे?" अक्का ठणकावून सांगायची, "नाही!" आणि मामा मागून ओरडायचा, "ऐकलंस? घाल माझ्यावर खटला!" तेवढे चार क्षण घरात बरं वाटायचं.

पण आठ दिवसांचे चौदा झाले, आणि एके सकाळी ट्रॅक्टरवाला बांधावर येऊन उभा राहिला. पलीकडच्या तुकड्याचा तो मालक, पन्नाशीचा, मोठ्या आवाजाचा माणूस. अक्काची नांगरट दरवर्षी त्याच्याच ट्रॅक्टरने व्हायची.

"मामा, जमिनीतली ओल चाललीय," तो म्हणाला. "या आठवड्यात पेरलं तर पेरलं. नाहीतर गाय विकून टाका, हा माझा सरळ सल्ला. तुम्हाला झेपायचं नाही."

भाचीही फोनवर तेच म्हणाली. गाय विकली की निम्मी कटकट मिटेल.

मामा अक्काच्या समोर खुर्ची ओढून बसला. "अक्का, नीट ऐक. तांबडी विकायची का?"

"नाही."

"म्हणजे नाहीच ना?"

"नाही."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा थकलेला होता, डोळे खिडकीबाहेर होते. त्यावरून काहीच कळण्यासारखं नव्हतं. पण या एका 'नाही'वर त्याने ताबडतोब विश्वास ठेवला. का ठेवला ते त्याला पुढे बऱ्याच महिन्यांनी कळलं. त्याला परत त्या कुलूपबंद खोलीत जायचं नव्हतं. कितीतरी वर्षांनी त्याच्या हाताला काम मिळणार होतं.

"पेरू या तर मग," तो म्हणाला.

बियाणं आतल्या खोलीत पत्र्याच्या डब्यांत होतं. गहू त्याला ओळखता आला. उरलेल्या दोन डब्यांतला सातू कुठला आणि ओट कुठला हे ठरवायला त्याने दाणे तळहातावर घेऊन उजेडात धरले, डावा डोळा मिटला, तरी उमजेना. शेवटी दोन्ही डबे गोठ्यात नेऊन गायीच्या नाकाशी धरले. तिने दोन्हीत तोंड घातलं. ट्रॅक्टरवाल्याने येऊन हसत सांगितलं, लांबुळका आणि हलका तो ओट. चौथी एक कापडी पिशवी होती, त्यात मोहरीपेक्षाही बारीक पिवळट बी. ती पिशवी मात्र मामाने लगेच ओळखली. कधीकाळी गणवेशाच्या चड्डीच्या उरलेल्या कापडातून त्यानेच शिवून दिली होती. आत लसूणघासाचं बी होतं.

ट्रॅक्टरवाला "उद्या येतो" म्हणून गेला तो चौथ्या दिवशी उगवला. गहू त्याच्या पेरणीयंत्राने दोन तासांत पेरून झाला. बाकीचं मामाने हाताने करायचं ठरवलं. ट्रॅक्टरवाल्याच्या मदतीने अक्काला खुर्चीसकट उचलून बांधावर आणून बसवलं, डोक्याला रुमाल बांधला, आणि तो टेप घेऊन शेतात उतरला. दोन काकऱ्यांमध्ये नऊ इंच. खोली दोन इंच. त्याने खडूऐवजी चुन्याने रेघा मारल्या. इतक्या सरळ रेघा त्या जमिनीने कधी पाहिल्या नसतील.

"मामा, शेताला शर्ट शिवताय का?" ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टरवरून ओरडला.

"माप चुकलं की कापड वाया जातं," मामा म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला होता. पाठ मोडून येत होती, गुडघे कुरकुरत होते, पण बऱ्याच वर्षांनी कुणीतरी त्याच्या कामाकडे बघत होतं.

लसूणघासाची पाळी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. त्याने बी मुठीत घेतलं. "अक्का, हेही दोन इंच?"

"नाही."

"मग जास्त?"

"नाही."

"यात वाळू मिसळायची का?"

"नाही, नाही." तिचा डावा हात हवेत हलत होता. बोटं जमिनीकडे येत होती, मग वर, मग पुन्हा जमिनीकडे. मामाला त्यातून दाबून लाव असं वाटलं. त्याने ते बारीक बी गव्हासारखंच दोन इंच खोल पुरलं आणि वरून पायाने माती दाबली. अक्का खुर्चीत ताठ झाली. "नाही! नाही!" तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली.

"हो गं, दमलीस. चल आत."

तिसऱ्या दिवशी अवेळी पाऊस पडला. फार नाही, अर्धा तास. मामा खूश झाला, पाणी द्यायचं वाचलं. पण पुढचे चार दिवस कडक ऊन पडलं आणि मातीवर भाजलेल्या मडक्यासारखा पापुद्रा धरला. गव्हाच्या कोंबांनी तो कसाबसा फोडला. ओटाचे कोंब खालीच वाकडे होऊन पिवळे पडायला लागले. ट्रॅक्टरवाल्याने सांगितलं, हलक्या हाताने दाताळं फिरवून पापुद्रा मोडा. मामाने ते केलं, पण उशिरा केलं, आणि एका डोळ्याने केलं. संध्याकाळी खाली वाकून पाहिलं तर पापुद्र्याबरोबर निम्मे कोंबही उपटून आले होते. सातूही तुरळकच उगवला. लसूणघास उगवलाच नाही. दोन आठवडे वाट बघून त्याने माती उकरली तर इतकं बारीक बी अंधारात कुजून गेलेलं.

त्या दिवशी तो जेवला नाही. अक्काला उकडलेला बटाटा दुधात कुस्करून भरवला, तोंड पुसलं, आणि भिंतीला टेकून बसला.

"अक्का, तू मला सांगत होतीस ना? वरच्यावर टाक म्हणून?"

"नाही," अक्का म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

दुकानातून नवं बी आणलं. दुकानदाराने सांगितलं, नुसतं मातीवर विस्कटायचं आणि झाडूने हलकं ओढायचं. तसं केलं. यावेळी आठव्या दिवशी जमिनीवर हिरवी साय धरली. मामाने ट्रॅक्टरवाल्याला हाताशी घेऊन अक्काला पुन्हा खुर्चीसकट उचलून बांधावर नेलं. ती खूप वेळ बघत राहिली. मग डाव्या हाताने तिने त्याच्या मनगटावर दोनदा थोपटलं. पुढे आयुष्यभर त्याला आठवायला एवढं तरी राहिलं.

थंडी वाढली तशी तारांबळही वाढली. सकाळी अक्काला उठवायचं, बाथरूमला न्यायचं, कपडे बदलायचे, दूध काढायचं, गोठा झाडायचा, विहिरीवरची मोटर लावायची, स्वयंपाक, औषधं, पाय चोळणं. भाचीची सोय काही लागत नव्हती. एक बाई ठेवली होती, ती नऊ दिवसांत निघून गेली. मामाच्या नाकी नऊ आले. आणि एवढ्या धांदलीत त्याची एक गोष्ट करायची राहून जायला लागली. तो अक्काच्या चेहऱ्याकडे बघेनासा झाला. विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचा. "अक्का, गोळी घे" – "नाही" – "हां, घे." "कूस बदलूया" – "नाही" – "झालंच." तो शब्द त्याच्या कानाला घड्याळाच्या टिकटिकीसारखा झाला. यात वाईट हेतू मुळीच नव्हता. तो दमला होता.

गोठ्यातला भुसा संपत आला. एरवी या दिवसांत ओट कंबरेएवढा व्हायचा आणि रोज एक भारा कापून भुशात मिसळून घातला जायचा. यंदा ओटाच्या रेघांमध्ये मोठमोठी टकलं पडली होती आणि जो होता तो गुडघ्याएवढाच, पिवळट. मामा भुसा पुरवून पुरवून घालू लागला. तांबडीच्या बरगड्या दिसायला लागल्या, दूध निम्म्यावर आलं. कालवड दावणीला बांधलेली दोरी चघळायची. ट्रॅक्टरवाल्याकडे भुसा मागितला तर तो म्हणाला, चार दिवसांत देतो. त्याचे चार दिवस मामाला माहीत होते.

लसूणघास मात्र उशिरा का होईना झकास आला होता. कोवळा, लुसलुशीत, अजून फुलावर न आलेला. सगळ्या शेतात डोळ्याला बरं वाटेल असं ते एकच पीक होतं.

त्या सकाळी धुकं होतं. आदल्या संध्याकाळी भुशाची शेवटची पाटी संपली होती, त्यामुळे गाय उपाशीच होती आणि पहाटेपासून हंबरत होती. मामाने अक्काला आवरून मागल्या दारातल्या खुर्चीत बसवलं, अंगावर शाल घातली, डाव्या हाताशी स्टुलावर चहा ठेवला. मग विळा घेऊन लसूणघासात गेला. घास दवाने चिंब भिजला होता. कापता कापता त्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या झाल्या. त्याने पहिला भारा बांधला, खांद्यावर टाकला आणि, गोठ्याचं तोंड घराकडे होतं म्हणून, मागल्या दारासमोरून तिकडे निघाला.

"नाही," अक्का म्हणाली.

"हो हो. बघितलंस का कसा आलाय? तुझ्याच हिवाळ्याचं पीक."

"नाही. नाही. नाही!"

"तुझं आपलं नाहीच! चहा पी, गार होईल."

त्याने भारा गव्हाणीत टाकला. तांबडीने त्यात मान खुपसली ती वर काढेना. तिचं खाणं बघून त्याच्या जिवात जीव आला. तो दुसरा भारा आणायला परत निघाला, तेव्हा अक्का डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर धपाधप मारत होती. चहा सांडून शालीवर गेला होता. ती उठायचा प्रयत्न करत होती, डावा पाय टेकवत, पुन्हा बसत. "नाही! नाही! नाही!"

मामा थांबला. शाल झटकली, तिला भाजलं का ते पाहिलं, स्टूल सरळ केलं. "थांब जरा, एवढी गाय खाऊ दे, मग नवा चहा करतो," असं म्हणून तो दुसरा भारा घेऊन आला. तिच्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर, हा हिशेब त्याने पुढे इतक्या वेळा मांडला की त्याला त्याची चीड यायला लागली.

कालवडीसाठी तिसरा भारा कापून तो येत होता तेव्हा गायीने खाणं थांबवलं होतं. तिचे चारही पाय फाकले होते, मान पुढे ताणलेली होती, आणि डाव्या कुशीचा खळगा भरून ढोलासारखा वर आला होता. त्याने बोट आपटून पाहिलं. पोकळ आवाज आला. त्याच्या हातून भारा गळून पडला.

गुरांच्या डॉक्टरला फोन लावला तर तो पलीकडच्या गावात एका म्हशीपाशी होता. "येतो, तोवर गायीला उभी ठेवा, चालवा, बसू देऊ नका. गोडं तेल पाजा." मामाने ट्रॅक्टरवाल्याला हाका मारल्या. तो मात्र लगेच धावत आला. दोघांनी मिळून बाटलीने तेल पाजलं, निम्मं बाहेर सांडलं. दोघांनी तिला दावणीतून सोडून मागच्या अंगणात चालवलं. चार पावलं, मग थांबा. तीन पावलं, मग थांबा. पोट वाढतच होतं. तिची जीभ बाहेर आली. दारासमोर आल्यावर तिने अक्काकडे मान वळवली, किंवा मामाला तसं वाटलं, आणि ती पुढच्या गुडघ्यांवर बसली, मग कुशीवर आडवी झाली.

डॉक्टर मोटारसायकल उभी करून पोचेपर्यंत त्याला वीस मिनिटं होऊन गेली होती. त्याने डोळ्याची पापणी वर करून पाहिली आणि पिशवी उघडलीच नाही.

"काय घातलं होतं?"

"लसूणघास," मामा म्हणाला.

"कोवळा? ओला? आणि उपाशी पोटी?" डॉक्टर तरुण होता, चिडला होता. "अहो, आधी सुका चारा घालायचा असतो, घास कापून सुकवायचा असतो थोडा. फेस होतो पोटात. एवढी साधी गोष्ट कुणी सांगितली नाही का तुम्हाला?"

ट्रॅक्टरवाल्याने डॉक्टरचा हात दाबला.

मग मामाने दाराकडे पाहिलं. अक्का खुर्चीत बसली होती. आता ती हात आपटत नव्हती. शाल खांद्यावरून घसरली होती आणि ती गायीकडेही बघत नव्हती, त्याच्याकडेही नाही. तो तिच्यासमोर जाऊन जमिनीवर बसला, ओल्या बाह्यांसकट.

"अक्का, चुकलं माझं. तू ओरडत होतीस. मला ऐकू येत होतं."

तिचे ओठ हलले. त्यांतून काहीच आलं नाही.

त्या दिवसानंतर उरलेला शब्दही गेला. मामाने आधी समजूत करून घेतली की राग आहे, जाईल. तो मुद्दाम विचारायचा, चहा देऊ? भात देऊ? खिडकी लावू? ती दिलं तर घ्यायची, नाही दिलं तर नाही. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं आणि त्या म्हणाल्या, कदाचित लहानसा दुसरा झटका येऊन गेला असेल, अशा वयात कळतही नाही. हे ऐकून मामाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याला वाटलं नाही. त्याला माहीत होतं की बाईंनी तो झटका त्याच्यासाठी शोधून काढला आहे.

भाचीला त्याने फोनवर सांगितलं, "तांबडी अचानक गेली. पोट फुगलं." कशाने, ते सांगितलं नाही. भाची उलट त्यालाच धीर देत राहिली. "जाऊ दे मामा, तू किती केलंस. तू होतास म्हणून." तो फोन कानाला धरून नुसता हुंकार देत राहिला, आणि फोन ठेवल्यावर मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिला.

कालवड ट्रॅक्टरवाल्याच्या गोठ्यात गेली. तिला नेताना ती दारापाशी अडली, तेव्हा मामाने मागून ढकलली. लसूणघास वाढत राहिला. तो खायला आता कुणी नव्हतं. त्याला फुलं आली, जांभळी, त्यावर मधमाश्या आल्या. पलीकडच्या लोकांनी विचारलं, कापून नेऊ का? मामा म्हणाला, न्या, पण सुकवून घाला. एवढं एक वाक्य तो प्रत्येकाला दोन दोनदा सांगायचा, इतकं की लोकांना वाटायला लागलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला.

गव्हाच्या ओंब्यांत दाणे भरायला लागले तेव्हा भाची गाडी घेऊन आली. तिने शेवटी घरातल्या एका खोलीत आईसाठी पलंग टाकला होता, दिवसभरासाठी बाई ठरवली होती. अक्काचं सामान एका बॅगेत मावलं. तिला गाडीत बसवताना मामाने तिचा पाय उचलून आत ठेवला, पदर दारात अडकू नये म्हणून मांडीखाली खोचला. भाची म्हणाली, "आई, मामाला अच्छा कर ना." अक्का पुढच्या काचेतून बघत राहिली. गाडी वीटभट्टीच्या वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मामा शेतात गेला आणि त्याने गव्हाला पाणी सोडलं. दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नाही.

गहू साडेतीन पोती झाला. एरवी अक्काला नऊ व्हायचा. सातू कापण्याइतका नव्हताच, तो पाखरांना सोडला. ओटाच्या जागेत तण माजलं होतं, ते ट्रॅक्टरवाल्याने नांगरून टाकलं. पुढच्या वर्षापासून ती सगळी जागा तो करणार, असं भाचीने त्याच्याशी ठरवून टाकलं होतं. मामाला तिने सांगितलं, घरात हवं तितके दिवस राहा. तो उन्हाळाभर राहिला आणि पावसाळ्यातही तिथेच थांबला. बाजारपेठेच्या गावातली त्याची भाड्याची खोली तोवर घरमालकाने दुसऱ्याला दिली होती, आणि सामान शेजारणीच्या माळ्यावर होतं.

पाऊस संपता संपता तो अक्काला भेटायला गेला. गव्हाच्या पिठाची पिशवी घेऊन, दोन गाड्या बदलून. ती तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत खिडकीशी बसली होती. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरचे पाण्याचे पाइप दिसत होते. अंगाने जाडसर झाली होती, केस बारीक कापले होते. बाई म्हणाली, "काही त्रास नाही हो आजींचा. ठेवलं तिथे बसतात."

मामा तिच्यासमोर बसला. काय बोलावं ते ठरवून आला होता. तिची नखं वाढलेली दिसली, तेव्हा त्याने बाईकडून नखं कापायची छोटी कात्री मागून घेतली आणि तिचा डावा हात मांडीवर घेतला. कात्री धरायला त्याचा हात अजून स्थिर होता. नख संपतं कुठे आणि बोट सुरू होतं कुठे हे नीट दिसावं म्हणून त्याने तो हात डोळ्यांजवळ आणला. तिने हात दिला, जसा तिने कुणालाही दिला असता. पाचही बोटं झाली, मग उजवा, निर्जीव हात झाला. त्याने कात्रणं कागदात गुंडाळून खिशात टाकली.

भाची कामावरून आली नव्हती. तिची वाट बघायची म्हटलं तर परतीची चारची गाडी चुकली असती, आणि त्यानंतरची एकदम सकाळी. मामा उठला, चप्पल घातली आणि जिना उतरायला लागला, प्रत्येक पायरीवर आधी पायाने चाचपून.